पोट आत, छाती पुढे

फुंकरताईंचा व्यवसाय असा आहे की त्यात समोरच्याला सगळं आधीच येत असतं. सुताराकडे गेलेला माणूस त्याला रंधा कसा मारायचा ते सांगत नाही. दातांच्या डॉक्टरसमोर तर भलेभले आ वासून गप्प पडतात. फुंकरताईंसमोरच्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण मात्र पहिल्या पाच मिनिटांत एकच वाक्य बोलतो, "बाई, श्वास तर मी जन्मल्यापासून घेतोय. त्यात शिकवायचं काय?" आणि हे एवढं वाक्य त्याला एका दमात पुरं करता येत नाही. 'जन्मल्यापासून'पाशी थांबावं लागतं, खुर्चीचा हात धरावा लागतो, दोनदा धापा टाकाव्या लागतात, मग 'घेतोय' बाहेर येतं. ताई तोवर शांतपणे त्याच्या बोटाला ती प्राणवायू मोजायची चिमटी लावून घेतात.

ताई फिजिओथेरपिस्ट आहेत, पण फुफ्फुसांच्या. ज्यांना जुना दमा आहे, ज्यांच्या श्वासनळ्या आकसल्या आहेत, ज्यांची छाती कफाने भरलेली असते, अशा लोकांना श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा, कफ कसा काढायचा आणि दम न लागता चार पावलं कशी चालायची हे त्या शिकवतात. गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायचा, हा त्यांचा पहिला धडा. त्यावरून त्या फुंकरताई झाल्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

नातेवाइकांना ही विभागणी वीस वर्षांत कळलेली नाही. चार माणसं जमली की कुणीतरी पाठ पुढे करतंच.

"जरा इथे दाबून बघ ना. सकाळपासून धरलंय."

"मामी, मी फुफ्फुसांचं बघते."

"मग फुफ्फुसाच्या बाजूने दाब."

घरी जेवायला बसल्यावर रुग्णांचे फोन येतात. लोक मुलाबाळांची करतात तितक्या आपुलकीने ताई कफाची चौकशी करतात. "रंग कसा आहे? हिरवट? आणि दाट आहे का? तार येते?" समोर ताईंचे यजमान घास हातात धरून भिंतीकडे बघत राहतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ते नऊ किलोने उतरलेत.

त्यांचा वर्ग रुग्णालयाच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. पूर्वी तिथे मोडक्या खाटा ठेवत. आता भिंतीला टेकून आठ खुर्च्या, मध्ये चढउतार करायला एक लाकडी पायरी, कोपऱ्यातल्या टेबलावर आठ बाटल्या. प्रत्येक बाटलीत वीतभरापेक्षा थोडं कमी पाणी आणि त्यात एक रबरी नळी. नळीतून हळू श्वास सोडायचा, पाण्यात बुडबुडे येतात, आणि त्या हादऱ्यांनी आतला कफ सुटतो. आठवड्यातून तीन दिवस आठ वयस्कर माणसं गंभीर चेहऱ्याने ओळीत बसून बुडबुडे काढतात. बाहेरून जाणाऱ्यांना वाटतं, इथे काहीतरी शिजतंय.

घरी रोज दोनदा व्यायाम करून वहीत खूण करायची असा नियम आहे. वह्या दर महिन्याला तपासायला येतात, सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच घाईने केलेल्या. वर्गातले जुने रुग्ण असलेल्या बेकरीवाल्यांनी तर एकदा तीस दिवसांच्या महिन्यात एकतिसाव्या तारखेलाही दोन वेळा व्यायाम केला होता.

"हा दिवस कुठून आणलात?" ताईंनी विचारलं.

"जास्तीचा केला बाई," बेकरीवाले म्हणाले. "तुमच्यासाठी."

पण ताईंना खरा वैताग या कशाचा नव्हता. खरी गोष्ट त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी लक्षात आली. चाळिशी-पन्नाशीतला कुठलाही माणूस घ्या, बाई असो की बुवा, त्याला 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की तो ताठ व्हायचा. खांदे कानांना टेकायचे, पोट पाठीच्या कण्याला चिकटायचं, छाती पुढे यायची, आणि मग तसाच थांबायचा, डोळे वटारून, जणू पुढच्या आज्ञेची वाट बघतोय. श्वास घ्यायची यापेक्षा महागडी पद्धत शोधून सापडणार नाही. धडधाकट माणसाला चालून जाते. ज्याच्या फुफ्फुसात मुळातच हवा अडकून पडलीय, त्याचा निम्मा जीव या पवित्र्यातच खर्च होतो. बाहेरगावाहून आलेले रुग्ण असं करत नसत. हे फक्त इथलेच लोक करत.

"तुम्हा सगळ्यांना हे शिकवलं कुणी?" ताईंनी एके दिवशी बेकरीवाल्यांना विचारलं.

बेकरीवाल्यांचा चेहरा उजळला. "शाळेत! शिट्टी सरांनी. पोट आत, छाती पुढे! अजून विसरलो नाही बघा."

ताईंनी कपाळाला हात लावला. कारण कवायतीचे शिट्टी सर, बत्तीस वर्षं गावातल्या एकुलत्या एका मोठ्या शाळेच्या मैदानावर उभं राहून पिढ्यान्‌पिढ्यांची पोटं आत घालवणारे शिट्टी सर, हे त्यांचे सख्खे सासरे होते. त्या दिवशी सकाळीच ताईंनी त्यांना चहा दिला होता.

ताई कुणाला काही बोलल्या नाहीत. रुग्णांना आपण कुणाची सून ते सांगितलं नाही आणि सासऱ्यांना रुग्णांचं सांगितलं नाही. दिवसभर एकेकाचं पोट सोडवायचं आणि संध्याकाळी ज्यांनी ते आवळलं त्यांच्यासमोर पान मांडायचं, असं वीस वर्षं चाललं.

मग सरांनाच धाप लागू लागली. बत्तीस वर्षं मैदानावरची धूळ खाल्लेली, शिवाय व्यायामशाळेच्या मागे ज्या सिगारेटी त्यांनी कधीच ओढल्या नव्हत्या, त्याही होत्याच. डॉक्टरांनी श्वासनळ्या आकसल्याचं निदान केलं, औषधं दिली, आणि व्यायामासाठी फुंकरताईंकडे जायला सांगितलं.

"तिच्याकडे?" सर म्हणाले. "व्यायामाला? मी?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कवायतीच्या शिक्षकाला व्यायाम शिकवणार कोण, तर सून. त्यांनी विषय संपवला. विषय संपला, धाप संपली नाही. आणि त्यांचं एकच अडलं, पण ते भलतंच अडलं. त्यांची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. आक्का चौऱ्याऐंशीच्या, गुडघे गेलेले, त्या चार वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. ऐकू इतकं कमी यायचं की फोन म्हणजे नुसता छळ. पत्नी गेल्यापासून सर दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसत. आठ महिन्यांत एकदाही जाणं झालं नव्हतं. 'येतो म्हणावं पुढच्या आठवड्यात,' असा निरोप ते मुलाबरोबर पाठवत, आणि आक्का चिठ्ठी पाठवत: 'कुठला आठवडा ते लिही.'

एका दुपारी सर कुणाला न सांगता निघाले. पोट आत, छाती पुढे, एकाही ठिकाणी न थांबता अठरा पायऱ्या चढले आणि पहिल्या मजल्यावर खाली बसले. वर जाता येईना, खाली येता येईना. बोलताही येईना. तिथल्या बाईंनी दार उघडून पाहिलं, पाणी दिलं, त्यांच्या खिशातला फोन काढून ताईंना लावला. दोन मजले वर आक्का निवांत पेपर वाचत होत्या. त्यांना यातलं काही कळलंच नाही.

ताई वर्ग अर्धा टाकून धावत आल्या. सरांचे ओठ निळसर पडले होते. त्यांना पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकवायला लावलं, पाठीवर हात ठेवला, आणि वीस मिनिटांनी त्यांना शब्द फुटला.

"न थांबता आलो," ते म्हणाले.

"दिसतंय," ताई म्हणाल्या. "बाबा, तुम्हाला आत्याबाईंकडे जायचंय की नाही?"

सर जिन्याकडे बघत राहिले. मग होकारार्थी मान हलवली.

"मग सहा आठवडे. माझ्या वर्गात. माझं ऐकून."

पुढच्या सोमवारी सर वर्गात शिरले, आणि पहिल्याच क्षणी घोटाळा झाला. आठही जण उठून उभे राहिले. जे लोक मोजा घालायचा तर दोनदा विश्रांती घेतात, ते सगळे ताडकन उठले, पोटं आत, छाती पुढे. तिघांना लगेच बसावं लागलं. एकाच्या बाटलीतलं पाणी सांडलं.

"बसा, बसा," सर प्रसन्नपणे म्हणाले. "तू बेकरीवाल्यांचा ना? तेव्हाही तुझ्या पायात मोज्याचा पत्ता नसायचा."

"हो सर," सहासष्ट वर्षांचे बेकरीवाले लाजून म्हणाले. "बाई, तुम्ही सरांच्या सूनबाई? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

दोन आठवडे ताईंनी दात-ओठ खात काढले. सर वर्गाला वेळेवर येत, किंबहुना आधीच येत, खुर्च्या सरळ रेषेत लावत, आणि सांगितलेलं काहीही करत नसत. 'खांदे सैल सोडा' म्हटलं की त्यांचे खांदे सैल होण्याऐवजी अपमान झाल्यासारखे वर चढत. लाकडी पायरीवर श्वास धरून धडाधड आठ वेळा चढत, मग भिंत धरत. "ओठांचा चंबू करा, बाबा." "मी काय तान्हा आहे?" घरी ताईंच्या यजमानांना वाटे की आता आपल्या घरात सगळं सुरळीत होणार. त्यांचं हे वाटणं ताईंना सगळ्यात जास्त खटके.

तिसऱ्या आठवड्यात स्फोट झाला. बेकरीवाल्यांना खालच्या बरगड्यांनी, पोट सैल ठेवून श्वास घ्यायला शिकवण्यात ताईंची कैक वर्षं गेली होती. त्या दिवशी त्यांना तो पहिल्यांदा जमला. मान सैल, खांदे खाली, श्वास आत आला की पोट हळूच पुढे. चिमटीवरचा आकडाही बरा दिसत होता. ताई जरा दुसरीकडे वळल्या, आणि मागून खणखणीत आवाज आला,

"अरे, पोट कुठे चाललंय तुझं? आत!"

बेकरीवाल्यांचं पोट चौपन्न वर्षांच्या सवयीने सपकन आत गेलं. श्वास अर्ध्यावर अडकला, खोकल्याची उबळ आली, आणि ती पाच मिनिटं थांबेना. ताईंनी त्यांना सावरलं, पाणी दिलं, आकडा पुन्हा वर येईपर्यंत थांबल्या. मग वळल्या.

"बाबा! बत्तीस वर्षं तुम्ही या गावाला चुकीचा श्वास शिकवलात, आणि वीस वर्षं मी तो एकेकाच्या छातीतून उपसतेय! आता निदान माझ्यासमोर तरी शिकवू नका!"

वर्गात कुणी हललं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई नळी तोंडात धरून होत्या, त्यांचे बुडबुडे तेवढे घाबरून बारीक झाले. सरांनी काठी उचलली, खुर्ची रेषेत परत ठेवली आणि बाहेर गेले.

घरी दोन दिवस ते बोलले नाहीत. चहा घ्यायचे, कप स्वतः विसळायचे, खोलीत जायचे.

"तू बाबांना काय बोललीस?" यजमानांनी विचारलं.

"खरं होतं तेच."

"खरं बोलायला चारचौघांतच जायला हवं होतं का? घरी बोलायचंस."

"घरी वीस वर्षं बोलले नाही, त्याचं काय झालं ते बघतोस ना?"

यजमानांनी पेपर उघडला. ताईंना रागही येत होता आणि रागाचा पश्चात्तापही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे आणखी राग येत होता. शिवाय सहा आठवड्यांतले दिवस चालले होते. बोलणं बंद ठेवून काय आत्याबाईंचा जिना चढता येणार होता?

तिसऱ्या दिवशी सकाळी सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोट बाहेर, हे कुणी ठरवलं?"

ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने दोन फुफ्फुसं काढली आणि त्यांच्या खाली एक आडवी कमान. "हा पडदा आहे, बाबा. स्नायूचा. तो खाली सरकला की हवा आत येते. त्याला सरकायला पोटाने जागा द्यायला हवी. आपण पोट आवळून धरलं तर तो जाणार कुठे? मग मान आणि खांदे ओढायला लागतात. ते दमतात, आणि आपल्याला वाटतं हवा संपली."

सरांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं.

"मला शिबिरात शिकवलं होतं," ते म्हणाले. "दहा दिवसांचं शिबिर होतं. कवायतीत ते दिसतंही छान."

"दिसतं छान."

"मुलं कधी दमली नाहीत."

"मुलं होती बाबा ती. मुलं उलटी लटकून श्वास घेतील." ताईंचा आवाज खाली आला. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"ते नकोच होतं," सर म्हणाले. "पण एक चूक तू अजून करतेयस. ती पोरं तुझं ऐकत नाहीत, कारण त्यांच्यावर माझा हुकूम आहे. तो मी दिलाय. तुला रद्द करता येणार नाही."

त्या दिवशी सर वर्गात आले ते इस्त्रीचा सदरा घालून. खुर्च्यांसमोर उभे राहिले. ताईंना धसका बसला.

"सावधान नाही," सर म्हणाले, कारण आठही जण ताठ व्हायला लागले होते. "विश्राम. ऐका. पोट आत हा जुना हुकूम आजपासून रद्द. पोट जिथे जायचं तिथे जाऊ द्या. बाई सांगतील तसा श्वास घ्यायचा. काही शंका?"

बेकरीवाल्यांनी हात वर केला. "सर, माझ्या थोरल्यालाही तुम्हीच शिकवलंत. त्याला कळवू?"

"कळव."

"आणि आपल्या वर्गातले जे आता नाहीत, त्यांचं?"

"हात खाली कर," एवढंच सर म्हणाले, आणि जाऊन त्यांच्यासाठी मांडलेल्या नवव्या खुर्चीत बसले. ताईंनी त्यांच्या हातात बाटली दिली. त्यांनी ओठांचा चंबू केला.

यानंतर सगळं सोपं झालं असं ज्यांना वाटतंय, त्यांनी कवायतीचे शिक्षक पाहिलेले नाहीत. आता सर पोट पुढे काढायला लागले, आणि तेही हुकमाने, पंचेचाळीस अंशांत. "बाबा, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं." "सोडतोय की!" "ही सोडल्याची लक्षणं नाहीत, हे डोहाळजेवणाचं पोट आहे." वही मात्र त्यांनी अशी ठेवली की ताईंना आयुष्यात पहिल्यांदा एक खरी वही तपासायला मिळाली. ज्या दिवशी व्यायाम केला नाही, तिथे लिहिलं होतं: 'आळस.' सहाव्या आठवड्याच्या शेवटी लाकडी पायरीवर चौपन्न चढ झाले, पाच वेळा बसून.

रविवारी सकाळी दोघं आक्कांच्या इमारतीखाली उभे राहिले. ताईंच्या एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्या हातात चिमटी. नियम ठरला होता. दर नऊ पायऱ्यांनी बसायचं, दम लागो वा न लागो. पाय उचलताना श्वास सोडायचा, पायरीवर उभं राहून घ्यायचा.

नऊ झाल्या. "दमलो नाहीये," सर म्हणाले.

"म्हणूनच बसा. दमल्यावर बसलात तर दुप्पट वेळ बसावं लागेल."

अठरा झाल्या. जिथे ते गेल्या वेळी अडकले होते तिथल्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि घाबरून पुन्हा पाणी आणलं. सरांनी त्यांना हाताने 'नको' केलं, बोलण्यात श्वास घालवला नाही. सत्तावीस. छत्तीस. एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन खाली उतरत होता. त्याने वाट मागितली, आणि ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सायकलसकट भिंतीला चिकटला.

चाळिसाव्या पायरीवर सर थांबले. कठडा धरला. ठरलेली जागा अजून पाच पायऱ्या वर होती.

"बसतो," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत हा शब्द त्यांनी आपणहून उच्चारल्याचं ताईंना आठवत नव्हतं. त्यांनी स्टूल उघडून पायरीवर कसंबसं टेकवलं आणि ते घसरू नये म्हणून स्वतःचा गुडघा त्याला लावून उभ्या राहिल्या. आकडा सत्त्याऐंशी. दोघंही त्याच्याकडे बघत होते. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा सत्त्याऐंशी. सरांचे ओठ गोल झाले, खांदे खाली आले, सदऱ्याची खालची बटणं हळूच पुढे सरकली, मागे गेली. नव्वद. ब्याण्णव.

"चला," ताई म्हणाल्या.

चौपन्नावी पायरी चढले तेव्हा तळापासून एकोणीस मिनिटं झाली होती. समोर आक्कांचं दार होतं आणि ते बंद होतं. ताईंनी बेल दाबली. पुन्हा दाबली. मग दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी. दोन मजल्यांवरची चार दारं उघडली, आक्कांचं सोडून. फोन लावला. तो आत वाजताना ऐकू येत होता, आक्कांशिवाय सगळ्यांना.

"सहा आठवडे!" ताई दाराला म्हणाल्या. "सहा आठवडे मी या माणसाला वर आणतेय!"

सर स्टुलावर बसून होते. त्यांनी ताईंना खुणेने थांबवलं आणि शांतपणे दाराकडे बघत बसले. अकरा मिनिटांनी दार उघडलं. आक्का कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आल्या होत्या. समोर भाऊ बसलेला बघून त्या थबकल्या.

"हे काय? इथे काय बसलायस?"

सरांनी बेलकडे बोट दाखवलं.

"बेल वाजवायची नाही का?" आक्का म्हणाल्या. "आठ महिने यायचं नाही, आणि आलास तर दारात बसायचं! ऊठ. ऊठ आधी." त्यांनी भावाला दंडाला धरून उठवलं, आत नेलं, आणि मागे कोपराने दार लोटलं. कुलूप खट्‌कन लागलं.

जिन्यात ताई, स्टूल आणि कचऱ्याची पिशवी राहिली. आतून आक्कांचं बोलणं येत होतं, मध्ये मध्ये सरांचं, तुटक, पण पुरं वाक्य. ताई रिकाम्या स्टुलावर बसल्या.

समोरच्या दारातल्या बाईंनी विचारलं, "कुणाकडे आलात?"

"सासरे आत आहेत माझे."

"मग बेल वाजवा की. त्यांना तरी ऐकू येत असेल."

"वाजवते," ताई म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.